कोटाचे नाव मुक्ती

भिलाईच्या सेक्टर २ सारख्या वसाहतींत डिसेंबरच्या उत्तरार्धात दोन सण आठवड्याच्या अंतराने येतात. १८ तारखेला सतनाम पंथाच्या गुरू घासीदासांची जयंती असते. जैतखांबावर पांढरे निशाण चढते, मांदराच्या ठेक्यावर पंथी नाच होतो. सात दिवसांनी नाताळ. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन इथे पोलाद कारखाना उभा राहू लागला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे कामाला आली. केरळ, आंध्र, छोटा नागपूर, विदर्भ आणि खुद्द छत्तीसगढ इथली ख्रिस्ती कुटुंबेही त्यांत होती. त्यांचे पंथ वेगळे, प्रार्थनेच्या भाषा वेगळ्या; पण नाताळच्या उपासनेत यशया संदेष्ट्याचा एक उतारा बहुतेकांकडे वाचला जातो.

यशयाच्या नवव्या अध्यायातला हा उतारा. काळोखात चाचपडणाऱ्या लोकांना उजेड दिसतो. पीक घरात आल्यावर व्हावा तसा आनंद त्यांना होतो, आणि त्या आनंदाचे कारण संदेष्टा लगोलग सांगून टाकतो: मानेवरचे जू मोडले, खांद्यावरचा दांडा मोडला, वेठीला जुंपणाऱ्या मुकादमाची काठी मोडली. रक्ताने भिजलेले कपडे आणि शिपायांचे जोडे जळणात गेले. एवढे झाल्यावर त्या बाळाची वार्ता येते, जिच्यासाठी हा उतारा नाताळला वाचतात. ऐकणाऱ्यांच्या ध्यानात बाळ राहते. मला या लेखात जुवापाशी थांबायचे आहे.

हे भाकीत हवेत उच्चारलेले नव्हते. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर तिसरा याने गालील प्रांत जिंकला, जबुलून आणि नफताली या कुळांचा मुलूख गिळला आणि तिथली माणसे उचलून दूरदेशी नेली. ही ख्रिस्तपूर्व ७३२ च्या आसपासची गोष्ट. खंडणी आणि वेठ हे अश्शूरी सत्तेचे दोन खांब होते. जिंकलेल्या लोकांवर अश्शूर देवाचे जू ठेवले, असे ते राजे आपल्या शिलालेखांत अभिमानाने कोरून ठेवत. यशया बोलतो तो या जुवाविषयी, आणि सगळ्यांत आधी काळोखात गेलेल्या गालीललाच तो उजेडाचे वचन देतो. जू कसे मोडेल? मिद्यानी लुटारूंचे मोडले होते तसे, म्हणजे गिदोनाच्या तीनशे माणसांनी मडक्यांत लपवलेल्या मशाली घेऊन मोडले होते तसे. मोठे सैन्य, मोठा राजा यांच्यावाचून.

मग यात पाप कुठे आले? ख्रिस्ती प्रवचनांत ते फार येते, आणि बाहेरच्या वाचकाला तिथेच अडायला होते. यशयाचा पहिला अध्याय वाचला की ही अडचण पुष्कळ कमी होते. तिथे देव यज्ञांना आणि सणावारांना विटलेला आहे, कारण हात जोडणाऱ्यांच्या हातांना रक्त लागले आहे. अनाथाला न्याय नाही, विधवेची फिर्याद कोणी उभी करत नाही, अधिकारी लाच खातात. पाचव्या अध्यायात घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्या, गरिबाला गावात उभे राहायला जागा न ठेवणाऱ्या जमीनदारांना शाप आहे. दहाव्यात अन्यायाचे कायदे लिहिणाऱ्यांना आहे. अठ्ठावन्नाव्यात संदेष्टा उपासतापास करणाऱ्यांना विचारतो की उपास कशाला म्हणायचे. आणि स्वतःच उत्तर देतो की जुवाच्या दोऱ्या सोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकरी देणे, आपल्याच रक्तामांसाच्या माणसापासून तोंड न लपवणे, याला. म्हणजे ज्याला पाप म्हटले आहे त्यातला फार मोठा भाग दुसऱ्याच्या मानेवर ठेवलेले जू हाच आहे. जू मोडायचे तर ते ठेवणाऱ्याचे मनही मोडून नवे व्हायला हवे. यशयाच्या ग्रंथात जुलमापासून सुटका आणि पापापासून सुटका अशी दोन खाती नाहीत.

सहासष्ट अध्यायांचा हा ग्रंथ एका हातचा नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चाळिसाव्यापासून पुढचा भाग बाबेलच्या बंदिवासातला आणि शेवटचे अकरा अध्याय साधारणपणे परतीनंतरचे. ख्रिस्तपूर्व ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल घेतले आणि यहुद्यांना घरी जाण्याची परवानगी मिळाली. ते आले तेव्हा यरुशलेमचा कोट पडलेला होता, दरवाजे जळालेले होते. या मोडक्या गावाला साठावा अध्याय सांगतो की यापुढे तुझ्या देशात जुलमाची बातमी ऐकू येणार नाही, तू आपल्या कोटाचे नाव मुक्ती ठेवशील आणि वेशींचे नाव स्तुती. एकसष्टावा अध्याय त्याच्या पुढे जातो: दीनांना शुभवर्तमान, बंदिवानांना सुटका, शोक करणाऱ्यांच्या डोक्यावर राखेऐवजी फुलांचा साज. मोशेच्या नियमशास्त्रातले योबेल वर्ष, म्हणजे पन्नासाव्या वर्षी गुलाम सोडायचे आणि गेलेली जमीन मूळ घराला परत द्यायची, या वचनामागे उभे आहे. लूककृत शुभवर्तमानाप्रमाणे नासरेथच्या सभास्थानात येशूने हाच उतारा उघडून वाचला आणि तो आज पूर्ण झाला असे म्हटले. त्या दिवशी त्याच्याच गावकऱ्यांनी त्याला कड्यावरून लोटायला नेले होते.

आता छत्तीसगढ. १७४१ पासून १८५४ पर्यंत या मुलखावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. मराठी वाचकाने हे विसरू नये, कारण सुभ्यांच्या त्या कारभारात रयतेच्या खांद्यावरचा भार हलका नव्हता आणि तो टाकणारे पुष्कळदा आपली भाषा बोलत होते. पुढे इंग्रजांनी मालगुजारी पद्धत पक्की केली आणि गावेच्या गावे मालगुजारांच्या मालकीची झाली. ज्यांना गावाच्या शिवेबाहेर ठेवले होते अशा चर्मकार समाजातून गुरू घासीदास उभे राहिले. १७५६ साली गिरौदपुरीत त्यांचा जन्म झाला. एका निराकार सतनामाची भक्ती, मूर्ती नको, पुरोहित नको, जात नको, मांस आणि दारू नको, असा त्यांचा उपदेश होता. त्यांच्या पंथात गाईला नांगराला जुंपायचे नाही आणि दुपारनंतर नांगर चालवायचा नाही असा दंडक होता. शिवेबाहेर ठेवलेल्या माणसांनी बैलाच्या मानेवरचे जू दुपारी उतरवायचे ठरवले, ही गोष्ट मला यशयाच्या फार जवळची वाटते.

याच सतनाम्यांकडे १८६८ साली ऑस्कर लोर हा जर्मन पाद्री आला. आधी रांचीकडे गोस्नर मिशनमध्ये काम केलेला, १८५७ नंतर अमेरिकेत गेलेला आणि तिथल्या जर्मन इव्हँजेलिकल मिशनने परत पाठवलेला हा माणूस. एक देव मानणारे, मूर्ती न पूजणारे, जात नाकारणारे लोक भेटल्याने त्याला वाटले की अख्खा पंथ येशूकडे येईल. मिशनच्या लोकांत पुढे एक कथाही सांगितली जाऊ लागली: घासीदासांनीच भाकीत करून ठेवले होते की एक टोपीवाला साहेब मोठे पुस्तक घेऊन येईल आणि खऱ्या देवाची वाट दाखवील. ही कथा कोणी, कधी रचली याचा वाद बाजूला ठेवला तरी तिच्यातून एक गोष्ट दिसते. ज्यांनी सुटकेची वाट पाहिली त्यांना नवी सुटकाही आपल्याच गुरूच्या तोंडून ऐकायची होती.

अख्खा पंथ आला नाही. आली ती मोजकी कुटुंबे, आणि पुढे दुष्काळांत बरीच. लोरने सुमारे दीड हजार एकर पडीक जमीन घेऊन गाव वसवले आणि त्याला बिश्रामपूर, म्हणजे विसाव्याचे गाव, असे नाव दिले. शाळा आली, दवाखाना आला, छापखाना आला. पण त्या गावाचा मालगुजार मिशनच होते. धर्मगुरू, जमीनमालक आणि शिस्त लावणारा अधिकारी एकच. ज्याच्याकडे पापाची कबुली द्यायची त्याच्याकडेच खंड भरायचा. इतिहासकार सौरभ दुबे यांनी सतनामी आणि मिशन या दोहोंचा बारकाईने अभ्यास केला आहे आणि या गावांतला बापपणाचा अधिकार त्यांनी चांगला दाखवला आहे. यशयाचा पासष्टावा अध्याय या बाबतीत स्पष्ट आहे: जे घर बांधतील ते त्यात राहतील, जे मळा लावतील ते त्याचे फळ खातील, एकाने बांधायचे आणि दुसऱ्याने राहायचे असे होणार नाही. त्या कसोटीवर बिश्रामपूर अपुरे पडले, हे म्हटले पाहिजे. तिथे मिळालेली अक्षरे, औषधे आणि माणूस म्हणून मिळालेला मान खरा होता, हेही तितकेच खरे. १८९७ सालच्या दुष्काळात त्याच मिशनने चांदखुरी इथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला; १८९९ मध्ये दुसऱ्या दुष्काळात धमतरीला मेनोनाइट मिशन आले आणि तिथले इस्पितळ आजही चालू आहे.

पासष्टाव्या अध्यायाची कसोटी भिलाईलाही लागू होते. कारखान्याला लागणारे लोहखनिज दल्ली राजहराच्या खाणींतून येते. तिथल्या कंत्राटी मजुरांना १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांनी संघटित केले आणि जूनमध्ये गोळीबार होऊन मजूर मारले गेले. नियोगींच्या संघटनेने मजुरीवाढीच्या लढ्याबरोबर दारूबंदीची मोहीम काढली, कारण वाढलेली मजुरी भट्टीत जाते हे बायका रोज पाहत होत्या. १९८३ मध्ये मजुरांनी आपल्या पैशाने आणि श्रमाने शहीद इस्पितळ उभारले. नियोगी ख्रिस्ती नव्हते, यशयाचे नाव त्यांनी घेतले नाही. पण बाहेरचे जू आणि घरातले जू एका वेळी उतरवायचे, ही गोष्ट त्यांना उमगली होती. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतल्या हुडको वसाहतीत झोपेत असताना त्यांना गोळी घातली गेली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि डझनाहून अधिक माणसे मेली. सेक्टर २ पासून ही जागा दूर नाही.

हा लोहमार्ग नागपूरहून राजनांदगाव, दुर्ग, भिलाई करत हावड्याकडे जातो, आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा एक उगम त्याच्यावरच आहे. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी काव्यावरून बोलणे निघाले, मग धर्मावरून. उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत हातात दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांनी ते पुस्तक दिलेल्या शब्दाखातर वाचायला घेतले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसाराचे काय झाले ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. सुटकेच्या वार्तेची किंमत घरातल्या बाईला किती द्यावी लागते, हे मराठीत इतक्या खरेपणाने दुसऱ्या कोणी लिहिलेले नाही.

पण यशयाचे वचन अक्षरशः विटा-चुन्यात उतरवले ते पंडिता रमाबाईंनी, आणि त्या कामात जमलेल्या पहिल्या मुली छत्तीसगढ ज्यात मोडे त्याच मध्य प्रांतातल्या होत्या.

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. १८५८ साली गंगामूळच्या रानात जन्मलेल्या या मुलीने, अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कन्येने, १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण यांचे मरण पाहिले. मग भाऊ श्रीनिवास आणि ती देशभर पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून वाचायला दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. धर्मशास्त्राचे ग्रंथ तिथे खोलात वाचले तेव्हा त्यांना एक गोष्ट दिसली: इतर शंभर बाबतींत एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ दोन गोष्टींत जुळतात. बायकांची जात वाईट, आणि बाईला पुरुषासारखा मोक्ष नाही. नवऱ्याची सेवा हाच तिचा मार्ग. पुढच्या सगळ्या आयुष्याची गाठ या ठिकाणी आहे. मुक्तीचा प्रश्न रमाबाईंना मिशनऱ्यांनी दिला नाही. तो त्यांनी संस्कृतातून उचलला होता.

१८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षेही पुरी झालेली नसताना, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरात तान्ही मनोरमा. पुण्यात आर्य महिला समाज काढून १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅमला एक घर होते. समाजाने टाकलेल्या, बदनाम झालेल्या स्त्रिया तिथे प्रेमाने सांभाळल्या जात. पतित म्हटलेल्या बाईला हात द्यायला धर्मातली माणसे येतात, हे रमाबाईंनी आपल्याकडे पाहिले नव्हते. त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने येशू आणि शमरोनी स्त्री यांच्या विहिरीवरच्या भेटीचा अध्याय वाचून दाखवला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात गहजब उडाला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू उचलून धरली. 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण करणाऱ्या माणसाला त्यांचे पाऊल कळले, यात नवल नाही.

पुढचा भाग मराठी वाचकांना ठाऊक आहे. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला अमेरिका, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे इंग्रजी पुस्तक, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन, पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. १८९३ मध्ये सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून वाद पेटला आणि रानडे, भांडारकर आदी सल्लागार मंडळी बाजूला झाली. आपली शालेय पुस्तके आणि स्मरणलेख बहुतेक इथेच थांबतात. त्यानंतरची एकोणतीस वर्षे म्हणजे मिशनचे काम, असे म्हणून पान उलटले जाते.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भयंकर होता. रमाबाई तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांत आणि वाटांवर त्यांना बालविधवा आणि अनाथ मुली दिसल्या. या मुलींना उचलून नेणारे दलालही दिसले. वाळूत पुरून घेतलेल्या रात्री आठवल्या असतील. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पण पुण्यात प्लेग होता, शहरात एवढी माणसे ठेवायला परवानगी नव्हती. पुणे-दौंड मार्गावर केडगावला फळबागेसाठी घेतलेले रान होते, तिथे गवताच्या झोपड्यांत आणि तंबूंत मुली राहू लागल्या. त्याच १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या छावणीत बायकांची काय दैना झाली याविषयी रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये सरकारविरुद्ध उघड पत्र लिहिले. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबाच्या बाजूला जाणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे पत्र वाचावे.

१८९८ मध्ये केडगावच्या वसाहतीला नाव पडले मुक्ती. ते यशयाच्या साठाव्या अध्यायातून घेतले होते, कोट आणि वेशी यांच्या त्या वचनातून. ज्या ग्रंथांनी बाईला मोक्ष नाकारला त्यांतलाच हा शब्द, आणि तो आता टाकलेल्या बायकांच्या घराभोवतालच्या भिंतीचे नाव झाला. १९०० मध्ये गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या. वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, तेलघाणा, हातमाग, दुभती जनावरे, भटारखाना, परीटखाना, छापखाना, शाळा उभी राहिली. फुलहॅमचे स्मरण ठेवून कृपा सदन झाले, जिथे फसवल्या गेलेल्या स्त्रिया येत. म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन. तिथे मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आणली. एकसष्टाव्या अध्यायातली यादी, दीन, बंदिवान, शोक करणारे, आणि नासरेथमध्ये येशूने वाचताना तीत आलेले आंधळे, ही सगळी केडगावच्या हजेरीपटावर होती. पेरणाऱ्या मुलींच्या ताटात त्याच शेतातले धान्य येत होते. पासष्टाव्या अध्यायाची कसोटी बिश्रामपूरपेक्षा इथे अधिक उतरली, असे माझे मत आहे.

आणि आनंद? तो १९०५ मध्ये आला. वेल्समधल्या आत्मिक जागृतीच्या बातम्या ऐकून जानेवारीत सुमारे सत्तर जणी रोज प्रार्थनेला बसू लागल्या, जूनपर्यंत शेकडो झाल्या. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या मैत्रिणीभोवती अग्नी दिसला आणि ती पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकीकत मुक्तीत सांगितली जाते. पुढचे कित्येक आठवडे मुली रडल्या, आपापली पापे मोठ्याने कबूल केली, आणि रडणे ओसरल्यावर हसल्या, गायल्या, टाळ्या वाजवून नाचल्या. ज्यांना गावाने पांढऱ्या पायाच्या म्हटले होते, नवऱ्याला खाणाऱ्या म्हटले होते, त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने स्वतःचे पाप काय ते ठरवले. खोटे बोलले, चोरले, दुसरीचा हेवा केला, हे पाप; विधवा झाले, हे नव्हे. लादलेले पाप गळून पडले आणि खरे पाप हातात आले, म्हणून ते टाकता आले. जुलमापासूनची सुटका आणि पापापासूनची सुटका एका जिवात कशी भेटते, हे दाखवायला मला याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही.

परदेशी पाहुण्यांतल्या काहींना हा गलका रुचला नाही. रमाबाईंनी 'मुक्ती प्रेअर बेल' या आपल्या पत्रिकेत त्यांना ठणकावले की भारतीय बायकांच्या भक्तीला इंग्रजी-अमेरिकी मापे लावण्याचे कारण नाही. मुक्तीतल्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या जागृतीवर पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या वाल्परायसोला त्यांच्या मैत्रिणीच्या, हूव्हरबाईंच्या, घरी पोचली आणि तिथे १९०९ मध्ये जी जागृती झाली तिच्यातून चिलीच्या पेंटेकॉस्टल मंडळ्या जन्मल्या. लॉस एंजेलिसची अझूसा स्ट्रीट, जिच्यापासून या पंथाचा इतिहास सुरू करतात, ती १९०६ ची. केडगाव तिच्या आधीचे आहे.

आक्षेपांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. उपाशी मुलीला अन्न देणाऱ्याच्या धर्मात जाताना तिची इच्छा कितपत मोकळी असते? हा प्रश्न रास्त आहे आणि भक्तीने तो पुसता येत नाही. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांच्या वतीने निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे, मग तो मिशनरी असो, सरकार असो की जातपंचायत असो. रमाबाईंच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. मुक्ती सदन त्यांनी उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून काढले, कोणाला फसवले नाही. आणि त्या मुलींसाठी त्या सालात दुसरा दरवाजा फार थोड्यांनी उघडला होता.

शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. मराठीत ही परंपरा जुनी आहे. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्सनी 'क्रिस्तपुराण' छापले तेव्हा त्याचा पहिला भाग जुन्या कराराचाच होता. १८११ मध्ये सिरामपूरला केरी यांनी नवा करार मराठीत काढला. पण ही सगळी पुरुषांची कामे. रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि थोडे वाचता येणाऱ्या खेडवळ बाईला कळेल अशी मराठी त्यांनी मनाशी धरली. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनी टाइप जुळवले, मुलींनी मुद्रिते तपासली. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावहून प्रसिद्ध झाले. मूळ भाषांतून एका स्त्रीने केलेले आणि स्त्रियांनी छापलेले यशयाचे मराठी पुस्तक त्यात आहे.

रमाबाईंचे दोन तुकडे करून ठेवणे आपण आता थांबवले पाहिजे. सुधारकांच्या यादीत १८९३ पर्यंतच्या रमाबाई, आणि चर्चच्या भिंतीवर त्यानंतरच्या. जुलमाविरुद्धच्या एक, पापाविरुद्धच्या दुसऱ्या. त्यांनी स्वतः असे कधी केले नाही, आणि ज्या संदेष्ट्याच्या शब्दावरून त्यांनी आपल्या भिंतींना नाव दिले त्यानेही केले नव्हते. ज्यांना शक्य असेल त्यांनी १८८७ चे पुस्तक आणि १९०७ ची त्यांची आत्मसाक्ष लागोपाठ वाचावी, आणि मग यशयाचे पहिला, अठ्ठावन्नावा व एकसष्टावा हे तीन अध्याय. केडगाव स्टेशन पुणे-दौंड मार्गावर आहे. मुक्ती मिशनचे काम तिथे आजही चालू आहे.